सहीवरचं कुंकू

"सही खंय गेली? साहेबाची सही खंय गेली?"

घारवाला गॅलरीत उभा राहून ओरडत होता. विमानाच्या घरघरीवर मात करून करून त्याचा गळा असा तयार झालेला, की लालबागच्या आमच्या चाळीत तिन्ही मजल्यांवरची माणसं तोंडात मशेरीचं बोट तसंच ठेवून बाहेर आली. तेवढ्यात समोरच्या गिरणीचा भोंगा झाला, तो कोणालाच ऐकू गेला नाही आणि अर्धी पाळी त्या दिवशी उशिरा पोचली, हे मी आजही शपथेवर सांगतो. त्याच्या डाव्या हातात काचेची रिकामी चौकट होती, उजव्या हातात तिच्यातून काढलेला कागद, आणि अंगठ्याचं नख लालभडक. आदल्या संध्याकाळी त्याला कोर्टाचं समन्स आलं होतं. कोर्टात दाखवायचा म्हणून त्यानं भिंतीवरचा कागद उतरवला, दसऱ्याला त्याच्यावर लावलेलं कुंकू नखानं खरवडलं, आणि कुंकवाबरोबर सहीसुद्धा निघून आली. राहिला तो एक जांभळट डाग, कोणी पान खाऊन थुंकावं तसा.

"सहीवर ह्यां कुंकू कोणी लावल्यान?"

चाळीत चाळीस बिऱ्हाडं. चाळीसही बिऱ्हाडांनी माना हलवल्या, आम्ही नाही म्हणून. सगळ्यांत जोरात मी हलवली.

आता तो कोण आणि मी कोण, ते सांगतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी राहायचो, मध्ये फळ्यांची भिंत. त्याच्याकडे बांगडा तळला की वास आमच्या वरणाला लागायचा. तो मालवणकडचा, चौथी शिकलेला, गिरणीत बदली कामगार. आठवड्यातले तीन दिवस काम आणि चार दिवस गॅलरीत विडी. मी मॅट्रिक पास, गिरगावात एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट. म्हणजे चाळीची जी रचना असायला हवी, तशीच ती होती. कोणाचं पत्र आलं की वाचायला मी. कोणाला अर्ज हवा, तर मी. सकाळी नळावर पहिली बादली आमची, कारण माझे वडील चाळीतले सगळ्यात जुने भाडेकरू. ते गेले तरी बादलीचा मान आमच्याकडे राहिला होता.

मग विमानतळाला पाखरं हाकलायला माणूस हवा झाला. घारी, गिधाडं, कबुतरं विमानाच्या पुढे येतात, पंख्यात अडकतात, एवढं मोठं धूड एका पाखरापायी खाली यायचं. तर निवडीच्या दिवशी म्हणे पन्नास उमेदवार उभे होते. साहेबानं खांबावर बसलेल्या एका घारीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, उडवा. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी चप्पल फेकली, एक जण तर खांबावर चढायला लागला. आमच्या गड्यानं एक खडा उचलला आणि घारीच्या पंजापासून बरोबर एक बोट अंतरावर खांबावर मारला. घार गेली ती थेट पनवेलला. साहेबानं विचारलं, नेम इतका चांगला, मग घारीलाच का नाही मारलंस? हा म्हणाला, "मारलंय तर दुसरी येतली. घाबरवलंय तर ती जाऊन दुसऱ्यांका सांगतली."

ही हकीकत त्यानंच मला सांगितली, त्यामुळे तिच्यात मीठ त्याचं आहे. पनवेल मी घातलं.

नोकरी लागली. खाकी कपडे, छऱ्यांची बंदूक, फटाक्यांचं पोतं. पहाटे लवकर निघायला लागायचं, म्हणून चाळीनं एकमतानं नळावरची पहिली बादली त्याला देऊन टाकली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या आईनं स्वतः त्याची बादली नळाखाली सरकवली आणि वर मला ऐकवलं, "विमानाचं काम आहे बाबा त्याचं. तुझं गिरगाव काय, दहा वाजता उघडतं."

हेही मी गिळलं असतं. पण मग तो कागद आला.

त्याच्या आधी ह्याच कामावर असलेल्या माणसाला म्हणे शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी धरून चौकीवर नेलं होतं, आमची पाखरं मारतो म्हणून. तसं पुन्हा होऊ नये म्हणून साहेबानं ह्याला इंग्रजीत एक पत्र दिलं. ते वाचायला अर्थात माझ्याकडे आलं. गॅलरीत खुर्ची टाकून, सगळा मजला जमवून, मी त्याचं मराठी करून सांगितलं: हा इसम विमानतळाच्या हद्दीत विमानांना धोका करणाऱ्या पक्ष्यांना हुसकावण्याच्या, आणि गरज पडल्यास मारण्याच्या कामावर नेमलेला आहे, हे काम तो मनात खोट न ठेवता करीत असताना जे घडेल, त्याबद्दल त्याच्यावर दावा किंवा खटला चालू नये. खाली निळ्या शाईत साहेबाची लांबलचक सही, शेवटी शेपटी असलेली. बाजूला पंखांचा शिक्का.

वाचता वाचता माझी जीभ जड होत गेली. आठ वर्षं मी वकीलसाहेबांकडे असली वाक्यं टाइप करत होतो. ट्रस्टींना संरक्षण, डायरेक्टरांना संरक्षण, कोण्या संस्थानिकाच्या दिवाणाला संरक्षण. टाइप करून करून बोटांना घट्टे पडले, पण माझ्या नावानं एक ओळ कोणी कधी लिहिली नव्हती. माझ्यावर कोणीही, कधीही, काहीही चालवू शकत होतं. आणि हा, चौथी पास, पाखरांवर दगड मारणारा, ह्याच्यामागे सरकार उभं. मी वाचून संपवलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. लालबाग-परळचा रस्ता रोज कोणत्या ना कोणत्या घोषणेनं भरलेला, रोज कुठेतरी जमावबंदी. मी एकही मोर्चा चुकवला नव्हता. अश्रुधुरानं माझे डोळे असे झाले होते की कांदा चिरायला आई मलाच बसवायची, आता तुला काही होत नाही म्हणायची. पाठीवर लाठीचे दोन वळ होते. ते दाखवायला मी उकाड्याचं निमित्त करून गॅलरीत उघडा बसायचो. कोणी बघायचं नाही. घारवाला घरी आला की मात्र बायका चहाचा कप घेऊन पुढे, आज किती घारी.

एका दुपारी आम्ही दोघं परळच्या नाक्यावरून घरी येत होतो. जमावबंदी होती, पण आम्ही दोघंच. तरी एका हवालदारानं अडवलं. कुठे चाललात? मी म्हटलं, बंदी पाच जणांना आहे, दोघांना नाही, आणि कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यानं माझ्या नडगीवर एक काठी दिली. मग ह्यानं सदऱ्याच्या खिशातून मेणकापडात गुंडाळलेला तो कागद काढला. हवालदारानं पंखांचा शिक्का बघितला, सहीची शेपटी बघितली, आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, काय काम करता? "घारी हाकलतंय." कोणाच्या हुकमानं? ह्यानं सहीवर बोट ठेवलं. हवालदारानं कागद दोन्ही हातांनी घडी घालून परत दिला. मग माझ्याकडे काठी रोखून त्याला विचारलं, "हा तुमच्याबरोबर आहे का?"

तो लगेच बोलला नाही. फार नाही, एक श्वासभर थांबला असेल. पण त्या एका श्वासात मी माझं मॅट्रिक, माझ्या पाठीवरचे वळ, माझ्या वडिलांची पहिली बादली, सगळं हवालदाराच्या बुटाखाली पडलेलं पाहिलं. मग तो म्हणाला, "आसा, माझ्याबरोबर." आणि मला सोडलं. काठीपेक्षा ते सुटणं जास्त लागलं. नडगी आठवड्यात बरी झाली.

घरी जाऊन त्यानं हा प्रसंग सांगितला, अगदी खरा खरा. खरा सांगायची काय गरज होती? वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, दुसऱ्याच दिवशी कागदाला काचेची चौकट करून आणली आणि देवाच्या फळीशेजारी लावली. रोज गणपतीला एक फूल आणि कागदाला एक. फळ्यांच्या भिंतीला एक फट होती, तिच्यातून मला ते फूल दिसायचं. कधी कधी गणपतीच्या फुलापेक्षा मोठं असायचं.

दसरा आला. आमच्या भागात दसऱ्याला ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. गिरणीत साचे, म्हणजे माग, पुजायचे, सुताराकडे करवत, शिंप्याकडे मशीन, मीसुद्धा ऑफिसातल्या टाइपरायटरला झेंडू वाहून यायचो. ह्याची पंचाईत अशी, की बंदूक विमानतळावर जमा करून यावी लागे. मग पूजा कशाची करायची? मीच म्हटलं, कागदाची कर. तुझी खरी बंदूक तीच आहे. त्याला ते एकदम पटलं. पाट मांडला, त्याच्यावर चौकट ठेवली, आपट्याची पानं ठेवली. वहिनी काचेला कुंकू लावायला वाकल्या, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं:

"वहिनी, काचेला लावलेलं काचेला पोचतं. हत्याराला कसं पोचणार?"

सगळे थांबले. शिंप्याकडे मशीनला झाकणावरून कुंकू लावतात का? करवतीला पिशवीवरून? नाही लावत. एवढं सरळ होतं ते. त्यानं स्वतः मागचे खिळे उपटले, काच बाजूला केली, कागद पाटावर उघडा ठेवला आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. "पयलो मान तुझो. तूच वाचून दाखवलंस."

कागदाला चार मोकळे कोपरे होते. वर समास होता, खाली समास होता, बैलगाडी वळवता येईल एवढी जागा होती. माझं बोट गेलं सरळ त्या निळ्या सहीवर. ठिपका नाही, चांगला दामटून टिळा लावला, आणि भक्तीचा जोर म्हणून बोट दोनदा फिरवलं. ओल्या कुंकवाखाली निळी शाई विरघळताना मला दिसली. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला मॅट्रिकच्या निकालालाही वाटलं नव्हतं. बाकीच्यांनी कडेकडेला ठिपके लावले, काच बसली, खिळे बसले, झेंडूचा हार असा पडला की खालचा भाग झाकला गेला. पुढेही रोजचं फूल तिथेच. त्या सहीकडे चार महिने कोणाला बघायचं कारण पडलं नाही.

कारण आणलं एका शेठनं. विमानतळाच्या भिंतीला लागून त्याचा बंगला. रोज सकाळी गच्चीवर पोतंभर ज्वारी टाकायचा. मुंबईतली सगळी कबुतरं तिकडे जेवायला, आणि जेवून झाली की शतपावलीला धावपट्टीवर. घारवाल्यानं त्याला दोनदा हात जोडून सांगितलं होतं. शेवटी एका सकाळी विमान उतरायच्या वेळेला थवा उठला, ह्यानं बार काढला आणि एक कबूतर शेठच्या अंगणात पडलं. शेठनं फिर्याद केली: मुक्या जिवाशी क्रौर्य, आणि तेही माझ्या हद्दीत.

म्हणून त्या सकाळी तो गॅलरीत ओरडत होता. ओरडून झाल्यावर खाली बसला. रोजंदारीवरचा माणूस तो, कायम व्हायला थोडेच महिने राहिलेले. खटल्यात शिक्षा झाली, तर नोकरी गेली. आणि कागदावर सही नसेल, तर तो विमानतळाचा माणूस आहे हे तरी कोण सांगणार? गिरणीत परत घेतील का, असं वहिनींनी हळूच विचारलं. तो नखातलं कुंकू काढत बसला.

आता तुम्हाला वाटेल, मला पश्चात्ताप झाला. खोटं का बोलू? मला आधी पहिली बादली आठवली.

तरी मी वकीलसाहेबांच्या कानावर घातलं, म्हणजे कुंकू कोणी लावलं ते सोडून बाकीचं. त्यांनी चष्मा काढला, एवढा त्यांना रस वाटला. तीस वर्षांत पाखरांची केस आली नव्हती त्यांच्याकडे. म्हणाले, "अरे, कागद म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत. कोर्ट तीनच गोष्टी बघेल. ह्याला कोणी नेमलं, हे ह्याचं काम होतं का, आणि मनात खोट होती का. कागद गेला, तर ज्यानं सही केली तो माणूस उभा करा. त्या साहेबाला अर्ज करा, साक्षीला या म्हणून. मी उभा राहतो." फी घेणार नव्हते. वर म्हणाले, त्याला घेऊन ये, बसून बोलू. बसून! आठ वर्षांत मला त्या ऑफिसात बस म्हणाले नव्हते, टायपिंगचं स्टूल सोडून.

हा सल्ला मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. सुनावणीला उरले होते सहा. फटीतून मला दिसायचं, तो त्या डागाकडे भिंगातून बघतोय, वहिनी निळी पेन्सिल घेऊन बसल्यात, शेपटी इकडे होती का तिकडे होती. मी काही न बोलता बसलो असतो, तर काम आपोआप झालं असतं. त्यात मला फक्त गप्प बसायचं होतं आणि तेवढं एकच मला आयुष्यात जमलेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच माझ्या दारात आला. साहेबाला काहीतरी लिहून दे म्हणाला, "तू लिवलंस तर ते वाचतले. माझ्या तोंडाचा कोण ऐकता." म्हणजे मला माहीत होतं ते मला सांगायला तोच आला. मी अर्ज टाइप केला. चांगला केला, काय करणार, वाईट टाइप करता येत नाही मला.

त्याला ड्यूटी सोडता येत नव्हती, म्हणून अर्ज घेऊन मी विमानतळावर गेलो. साहेब यायचे होते. मला कुंपणाशी बसवून ठेवलं. समोर गवत, हे लांबच्या लांब, परळपासून थेट माटुंग्यापर्यंत मावेल एवढं, आणि त्या गवतात तो खाकीतला ठिपका. आकाशात विमान दिसायला लागलं. पट्टीवर एक गिधाड बसलेलं, केवढं म्हणता, आमच्या खोलीत बसलं असतं तर आम्हाला गॅलरीत झोपावं लागलं असतं. ह्यानं एक फटाका लावला. गिधाडानं मान वळवली. दुसरा लावला. गिधाड दोन पावलं चाललं, जमीनदार शेत बघायला निघावा तसं. विमान खाली खाली येतंय, चाकं निघालीयेत. मग हा बंदूक खांद्यावर टाकून, दोन्ही हात पसरून, धावपट्टीवरून सरळ त्या गिधाडावर धावत गेला. "मेल्या, ऊठ. ऊठ मेल्या, माणसां इली." मला कुंपणापर्यंत ऐकू आलं. गिधाड उठलं. हा गवतात आडवा पडला. विमान त्याच्या डोक्यावरून गेलं आणि चाकं टेकली.

मला खिडक्यांतले चेहरे दिसले. कोणी केस सारखे करत होतं, एक बाई मुलाला बोटानं बाहेरचं काहीतरी दाखवत होती. त्यांच्यातल्या एकालाही कळलं नाही. आणि मी, ज्याला आयुष्यात वाटायचं की माझ्याकडे कोणी बघत नाही, मी कुंपणाशी बसून ह्या माणसावर जळत होतो, ज्याच्याकडे खरोखरच कोणी बघत नव्हतं. तरी जळत होतो, हे लिहून ठेवतो. अंगावरचं गवत झाडत तो इतक्या आरामात परत आला, की मला वाटलं निदान धापा तरी टाकाव्यात माणसानं.

साहेबानं अर्ज वाचला. मी मनात म्हटलं, एवढा मोठा माणूस, रोजंदारीवाल्यासाठी कोर्टाची पायरी कशाला चढेल. त्यानं विचारलं, सही कशी गेली? मी म्हटलं, पूजेत. त्यानं अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, येतो.

आता ऐका माझ्या कर्माची गोष्ट. सही शाबूत असती, तर वकीलसाहेबांनी कागद पुढे केला असता आणि हा ट्रामनं गेला तसा ट्रामनं परत आला असता. सही नव्हती म्हणून सुनावणीच्या सकाळी विमानतळाची काळी मोटार साहेबासकट आमच्या चाळीखाली येऊन उभी राहिली. चाळीखाली तोवर फक्त बर्फाची गाडी आणि पोलिसांची गाडी आलेली. चाळीस बिऱ्हाडं खाली. बायकांनी त्याला ओवाळलं. माझ्या आईनं पहिलं. तो मागच्या सीटवर साहेबाशेजारी बसला, आणि मला कागद सांभाळायला म्हणून ड्रायव्हरशेजारी घेतलं. माझ्याच हातानं मी त्याला मोटारीत बसवला होता.

कोर्टात शेठ म्हणाला कबूतर माझ्या अंगणात मेलं. वकीलसाहेबांनी घारवाल्याला विचारलं, बार कुठे काढला? भिंतीच्या आत, गवतावर. मग ते बाहेर कसं पडलं? हा म्हणाला, "साहेब, पाखरू पडताना हद्द बघून पडणा नाय." मॅजिस्ट्रेट हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं. मग विमानतळाचे साहेब उभे राहिले. हा आमचा माणूस, हे काम आम्ही दिलेलं, हा जे करतो त्याची जबाबदारी आमची, आणि त्या सकाळी त्यानं बार काढला नसता तर मी आज वेगळ्याच चौकशीत उभा असतो. एवढं बोलून बसले. मला वाटलं संपलं. तेवढ्यात मॅजिस्ट्रेटनी तो कागद उजेडाकडे धरला.

"हे काय आहे?"

"कुंकू, साहेब. दसऱ्याक हत्याराची पूजा केली. बंदूक घरी नेवक देनत नाय."

"पण हा काचेत होता म्हणता. काचेच्या आत कुंकू कसं गेलं?"

घारवाला मागे वळला, भरल्या कोर्टात माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा समोर वळला.

"शेजाऱ्यान सांगितल्यान, काच काढून लावक व्हया. मॅट्रिक आसा तो."

सगळं कोर्ट हसलं. शेठसुद्धा हसला. फिर्याद निकालात निघाली. कायद्यानं सोपवलेलं काम, ठरलेल्या हद्दीत, मनात खोट न ठेवता केलेलं. त्याला गुन्हा म्हणता येत नाही. मनात खोट न ठेवता, हे शब्द मॅजिस्ट्रेटनी सावकाश वाचले. मी खिडकीबाहेर एक कावळा बघत होतो.

दोन महिन्यांत तो कायम झाला. मोटारीतून जाताना साहेबानं त्याच्याशी काय काय गप्पा मारल्या, पुढे बसून मला अर्ध्याच ऐकू आल्या, पण त्यात पाखरांबद्दल त्याचं ऐकून घेतलं एवढं खरं. पुढे भिंतीजवळची उकिरड्याची जागा हलवली ती ह्याच्याच सांगण्यावरून. नवीन कागद मिळाला, दोन सह्या, दोन शिक्के. वहिनींनी नवी चौकट केली. वकीलसाहेब अधूनमधून मला विचारायचे, तुझा तो घारवाला कसा आहे? माझं कसं आहे हे कधी विचारलं नाही.

महाराष्ट्र अजून व्हायचा होता. पुढचा दसरा आला तेव्हाही रस्त्यावर घोषणा चालू होत्या, आणि मी मोर्चावरून तसाच घामाघूम त्याच्या दारात शिरलो. पाट मांडलेला होता. नवी चौकट, आपट्याची पानं, झेंडू. वहिनी आत पुऱ्या तळत होत्या. त्यानं कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली.

"पयलो मान तुझो."

वाटीत पाणी जरा जास्तच होतं. मी बोट बुडवलं आणि ते वर आणवेना. वर्षभर मी त्याच्या नोकरीवर जळलो होतो, मोटारीवर जळलो होतो, वकीलसाहेबांनी देऊ केलेल्या खुर्चीवर जळलो होतो. पण ही वाटी तो इतक्या साधेपणानं पुढे करत होता, की ह्याच्यावर जळायचं तरी कुठून सुरू करावं कळेना. शेवटी मी खाली मान घालून सांगून टाकलं. गेल्या दसऱ्याला मी ते चुकून लावलं नव्हतं. मुद्दाम सहीवर लावलं होतं. तुझी नोकरी जावी म्हणून.

त्यानं चौकट पाटावर जरा सरळ केली.

"माका म्हायत आसा. औंदा काचेवर लाव."